रिटायर झाल्यावर ११ ते ४ चं काय करायचं?
तुम्ही लिहिलंय की फिरणं, पेपर, देवपूजा सगळं दहाच्या आत आटोपतं आणि मग दुपार अंगावर येते, अगदी पटलं. वर बऱ्याच जणांनी छंद जोपासा म्हटलंय पण मला वाटतं नुसत्या छंदाने भागत नाही, आपलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडतंय आणि कुणीतरी ते तपासतंय असं हवं, नोकरीत तेच तर होतं ना.

तुम्ही बँकेत आयुष्यभर आकडे तपासले, नजर तयार आहे, तर मराठी विकिस्रोत (विकिपीडियासारखंच, पण पुस्तकांचं मोफत ऑनलाइन ग्रंथालय) बघाच. कॉपीराइट संपलेली (आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी संपतो) जुनी पुस्तकं स्कॅन करून तिथे ठेवतात, मशीन अक्षरं ओळखतं पण रफार, जोडाक्षरं, फिकट छपाई आली की गडबडतं, मग माणसाने ओळ न ओळ मूळ पानाशी ताडून बघायची. तपासून झालं की पान पिवळं होतं आणि दुसऱ्या कुणी परत बघून पास केलं की हिरवं, स्वतःचं पान स्वतः हिरवं करता येत नाही. एक सांभाळा, १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकात जागोजागी अनुस्वार दिसतील, ते चूक समजून काढायचे नाहीत, जसं छापलंय तसंच ठेवायचं!

टायपिंग येत नसेल तरी फोनवरचा मराठी कीबोर्ड पुरतो, फक्त डोळ्यांना त्रास होतो म्हणून मोठा स्क्रीन असला तर बरं. सुरुवातीला एखादं पातळ पुस्तक घ्या आणि अडलं तर इथेच विचारा, मी सांगेन.