मदत हवी आहे : ‘ब्रुंडिबार’ मराठीत, मुलांसोबत

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतल्या ८ ते १२ वयाच्या मुलांना घेऊन चेक संगीतकार हान्स क्रासा यांच्या ‘ब्रुंडिबार’ या बाल-ऑपेराचा छोटा मराठी प्रयोग बसवायचा डोक्यात आहे.

गोष्ट साधीच. आजारी आईच्या दुधासाठी दोन भावंडं बाजारात गातात, दांडा फिरवून वाजवायची वाद्यपेटी घेऊन बसणारा पेटीवाला ब्रुंडिबार त्यांना हुसकावतो. मग चिमणी, मांजर, कुत्रा आणि गावातली पोरं मिळून त्याची जिरवतात. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या तेरेझीनच्या नाझी छळछावणीत १९४३-४४ मध्ये ज्यू मुलांनी याचे ५५ प्रयोग केले. पेटीवाला म्हणजे हिटलर, हे बघणाऱ्यांना सांगावं लागत नव्हतं. गाणाऱ्यांपैकी बहुतेक मुलं पुढे आउश्वित्झच्या मृत्युछावणीत मारली गेली, क्रासाही.

अडलंय ते इथेच. हे मुलांना किती आणि केव्हा सांगावं? तालमीआधी सांगितलं तर हसून-खेळून गातील का? न सांगणंही मला पटत नाही. शाळेत शिकवणाऱ्यांनी, बालनाट्य करणाऱ्यांनी अनुभव सांगा ना.

शिवाय शेवटचं विजयगीत मूळ चालीवर मराठीत बसवून देईल असं कुणी आहे का? माझे शब्द दर ओळीला दोन मात्रा लांबतात!