मदत हवी आहे : टायडल पूलमध्ये उतरण्यासाठी भरती-ओहोटीची कोणती वेळ धरावी?

तरणतलावात एक किलोमीटर फ्रीस्टाइल न थांबता जमते. आता खडकांत भिंत घालून केलेल्या टायडल पूलमध्ये सुरुवात करायची आहे, नंतर किनाऱ्याला समांतर समुद्रात. तक्त्यात भरतीची वेळ मिळते. पण तिच्या किती आधी किंवा नंतर उतरावे? लाट भिंतीवरून आत येत असेल तर?

प्रतिसाद १
पूर्ण ओहोटीच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास धरा. दिवसात दोन भरत्या येतात तिथे पाणी चढायला सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, पण ते एकसारखे चढत नाही. पहिल्या दोन तासांत एकूण चढाचा पाव हिस्सा, पुढच्या दोन तासांत निम्मा. चढ 4 मीटरचा असेल तर मधल्या दोन तासांतच पाणी 2 मीटर वर येते. दोनच्या ठिकाणी तीन तास थांबणाऱ्यांची फसगत इथेच होते. ही वेळ रोज साधारण 50 मिनिटे पुढे सरकते, हेही ध्यानात ठेवा.

तक्त्यात लाटा नसतात, म्हणून लाटांचा अंदाज वेगळा पाहा, आणि उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंदही. 14 सेकंदांची दीड मीटर लाट 7 सेकंदांच्या तेवढ्याच लाटेच्या दुप्पट जोर घेऊन येते. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, त्यामुळे काठावर निदान 15 मिनिटे थांबून बघा. भिंतीवरून पातळ पाणी ओघळत असेल तर चालेल. लाट अखंड आत कोसळत असेल तर उतरूच नका. परत जाणारे पाणी माणसाला भिंतीवरून बाहेर ओढते. समुद्राकडच्या भिंतीवर बसणे, उभे राहणे कधीही नको.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. एक भर घालतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती ठेंगणी असते. तिचे पाणी भिंत ओलांडून आलेच नाही तर पूलमध्ये तेच पाणी साचून राहते. जोराचा पाऊस झाला असेल आणि ओहोळ पूलमध्ये येत असेल, तर पाणी बदलेपर्यंत थांबा.

हिरवे शेवाळ असलेल्या पायरीवर पाय ठेवू नका. जुने बूट किंवा जाड तळव्याचे पाण्यातले बूट घाला, कारण कालवांच्या कडा पाय चिरतात. सूर मारू नका. पाणी 15 अंशांखाली असेल तर पहिली एक-दोन मिनिटे श्वास धापा टाकल्यासारखा चालतो. तेवढा वेळ चेहरा वर ठेवून उताणे तरंगा, श्वास सावरला की मग हात मारा.

धागाकर्ता
आभारी आहे. आणि पुढे समुद्रात ओढ लागली तर?

प्रतिसाद १
फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध एक पट्टा गडद, शांत दिसतो आणि त्यात फेस बाहेर जाताना दिसतो. नवख्यांना तीच सोपी वाट वाटते, पण ओढ तिथेच असते. अडकलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. तरंगत राहा, एक हात वर करून मदत मागा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून लाटा फुटताहेत तिथवर जा आणि त्यांच्याबरोबर तिरके बाहेर या. कमरेला भडक रंगाचा फुगा बांधा, दर सहा-आठ हातांनी मान वर करून किनाऱ्यावरची ठरवलेली खूण पाहा. ती खूण सारखी एकाच बाजूला सरकत असेल तर प्रवाह तुम्हाला नेत आहे. तेव्हाच बाहेर निघा, दमेपर्यंत थांबू नका.