थंडीत पूर्ण मापाचं पिस्तूल : होल्स्टर पट्ट्याच्या आत की बाहेर?

गुळाचा_अडत्या

माझ्याकडं परवान्याचं .32 बोअरचं पिस्तूल आहे. लहान नव्हे, पूर्ण मापाचं. चार इंची नळी, भरल्यावर किलोला थोडंसंच कमी. उन्हाळ्यात सदऱ्याखाली ते लपत नाही, म्हणून घरी तिजोरीतच असतं. गुळाचे सौदे सुरू झाले की मार्केट यार्डातून गावाकडं परतताना जवळ रोकड असते, अंधार लवकर पडतो, आणि अंगात जाकीट असतं. त्यामुळं थंडीचे चार महिने मी ते बाळगतो.

बरेच जण सांगतात, हिवाळ्यात जाकीट आहेच, मग कमरपट्ट्याच्या बाहेरचं मोठं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, लावून मोकळं व्हा. माझं मत उलट आहे. आपल्याकडं थंडी दिवसभर नसते. जानेवारीत पहाटे 14-15 अंश, आणि दुपारी 30 च्या आसपास. गेल्या पौषात मी बाहेरचं होल्स्टर लावून यार्डात गेलो. अकरा वाजता सगळे शर्टावर, मी एकटा चेन गळ्यापर्यंत ओढून ढेपांसमोर घाम पुसतोय. शेजारच्या हमालानं विचारलं, "शेठ, ताप आलाय का?" जाकीट काढावं तर अख्खं पिस्तूल चारचौघांत उघडं. शस्त्र नियम 2016 प्रमाणं सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच बॅगेत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असायला हवं. संध्याकाळपर्यंत तसाच बसलो.

म्हणून म्हणतो, जाकीट काढल्यावरही जे झाकलेलं राहील तेच होल्स्टर घ्यावं. पँटच्या आत बसणारं, आणि वरून सैल, लांब शर्ट. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण सांगावं.

हुपरीची_वाट

मला पटत नाही. चांदीच्या धंद्यात पंधरा वर्षं बाळगतोय, हुपरी ते कोल्हापूरची गुजरी पेठ येणं-जाणं रोजचं. आतलं होल्स्टर मी दोन महिने लावलं. गादीवर मांडी घालून बसलं की मूठ बरगडीत घुसते आणि नळी जांघेत. माणूस दर पाच मिनिटांनी कमरेला हात लावतो, आणि बघणाऱ्याला तेवढं पुरतं. बाहेरचं होल्स्टर अंगाला लागत नाही, म्हणून हात तिकडं जातही नाही.

जाकिटाचं म्हणाल तर चूक जाकिटाची आहे, होल्स्टरची नाही. बिनबाह्यांचं, सुती अस्तराचं जाकीट शिवून घ्या, मांडीपर्यंत लांब. आपल्याकडं पुढाऱ्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे ते बारा महिने घालतात, भर दुपारीही कुणी वळून बघत नाही. आतलं लावायचं म्हणजे सगळ्या पँटी दोन इंच मोठ्या घ्यायच्या. त्यापेक्षा एक जाकीट स्वस्त पडतं.

दुधाळीचा_नेमबाज

हुपरीच्या दादा, दुकानात बसल्यावर तुमचं म्हणणं खरं आहे, पण तुम्ही येता-जाता कशावरून? मोटरसायकलवर पुढं वाकून बसलं की बिनबाह्यांचं जाकीट मागून वाऱ्यानं फुगतं आणि वर चढतं. मागच्या ट्रॅक्टरवाल्याला अख्खा दस्ता दिसतो. मी मित्राला बसवून, मागं गाडी चालवत हे बघितलंय. आतल्या होल्स्टरमध्ये जाकीट चढलं तरी फक्त मूठ शर्टाखाली असते, नळी आणि चाप पँटच्या आत.

मूळ प्रश्न विचारणाऱ्यांना आणखी एक सांगतो. व्हिडिओ बघून खांद्याचं होल्स्टर घेऊ नका. त्या व्हिडिओंत जाकीट दिवसभर अंगातून निघत नाही, त्यांचा हिवाळा बर्फाचा. आणि आडव्या खांद्याच्या होल्स्टरमध्ये नळीचं तोंड मागं असतं. गाडीवर मागं बायको, पोर बसलेलं असतं. एवढं एक कारण मला पुरतं.

रिटायर्ड_फौजदार

आत की बाहेर हा वाद दुय्यम आहे. चाप पूर्ण झाकला जातो का आणि होल्स्टरचं तोंड पिस्तूल काढल्यावर उघडं राहतं का, हे आधी बघा. बाजारात कापडी, इलॅस्टिकची, सगळ्या मापांना बसणारी होल्स्टर मिळतात. पूर्ण मापाचं, जड पिस्तूल त्यात लोंबतं, आणि कापडावरून बोट दाबलं तर चाप दबतो. ती घेऊच नयेत.

थंडीतला खरा धोका नाडी आहे. जाकिटाच्या खालच्या काठाला ओढायची नाडी असते, तिच्या टोकाला प्लॅस्टिकचा गोळा. सरावाच्या वेळी एकानं पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घातलं आणि ते अर्ध्यावर अडलं. तो जोर लावणार इतक्यात मी मनगट धरलं. नाडी चापाभोवतीच्या कडीत शिरली होती, गोळा चापाच्या पुढं. खाली ढकललं असतं तर गोळी त्याच्याच मांडीत. त्या दिवशी घरी जाऊन मी माझ्या जाकिटाच्या नाड्या कात्रीनं कापून टाकल्या. काढताना घाई असेल एक वेळ, परत ठेवताना घाईचं काहीही कारण नसतं. जाकीट डाव्या हातानं पूर्ण बाजूला धरा, डोळ्यांनी बघा, मग ठेवा.

पोलिसांचं बघून झडपेचं होल्स्टर आणि पिस्तुलाला बांधायची दोरी घेणारेही भेटतात. आमचं शस्त्र गणवेशावर दिसण्यासाठीच असतं. तुमचं झाकलेलं असणं हा नियम आहे. दोन्हींची गरजच वेगळी.

सुभाषनगरचा_कारागीर

मी चामड्यात काम करतो, म्हणून एकाच गोष्टीवर बोलतो. हल्ली सगळे कायडेक्सच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या होल्स्टरच्या, मागं आहेत. कायडेक्स वाईट म्हणत नाही, पण पँटच्या आत, थेट अंगाला ते टोचतं, आणि आतल्या होल्स्टरची तक्रार करणाऱ्यांतले निम्मे त्या प्लॅस्टिकच्या कडेला वैतागलेले असतात. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं म्हशीचं कातडं, ज्यावर आपली कोल्हापुरी चप्पल उभी आहे, ते महिनाभरात अंगाच्या वळणावर येतं. क्रोमचं, म्हणजे रसायनात कमावलेलं चामडं मऊ असतं, लवकर मिळतं, पण त्यातले क्षार लोखंडाला गंज आणतात. होल्स्टर घेताना वास घ्या आणि कापलेली कड बघा. कड आतपर्यंत तपकिरी असली तर सालीचं, मधे निळसर रेघ दिसली तर क्रोमचं.

मापाचं शिवायचं तर पिस्तुलाच्या मापाचा प्लॅस्टिकचा नमुना आणा. ओलं चामडं त्यावर दाबून बसवायचं, चापाच्या कडीभोवती बोटानं खोल खाच घ्यायची, सावलीत वाळवायचं.

दुधाळीचा_नेमबाज

काका, तुमच्या हाताबद्दल शंका नाही. पण दोन-तीन वर्षं वापरलेलं चामडं तोंडाशी ढिलं पडतं. माझ्या एका ओळखीच्याच्या होल्स्टरची वरची कड आत दुमडून चापाच्या कडीत जात होती, अगदी फौजदार साहेबांच्या नाडीसारखी. कायडेक्स टोचेल, पण दुमडणार नाही. पावसाळ्यात आणि घामात फुगणारही नाही.

सुभाषनगरचा_कारागीर

बरोबर आहे, जर तोंडाला पट्टी नसेल तर. पातळ पोलादी पट्टी दोन चामड्यांच्या मधे घालून तोंड शिवलं की ते मिटत नाही. ज्यानं पट्टीविना शिवून दिलं त्यानं अर्धंच काम केलं. आणि कड मऊ झाली की होल्स्टर बदलायचं. चपलेचा तळ झिजल्यावर आपण बदलतोच की. फक्त एक, रात्री पिस्तूल आणि काडतुसं चामड्यात ठेवू नका, साल असो की क्रोम. पितळेवर हिरवा थर चढतो.

राजारामपुरीची_सून

तुम्ही सगळे रस्त्यावरचं बोलताय, मी घरातलं बोलते. आमच्याकडं परवाना सासऱ्यांचा. मागच्या थंडीत ते पिस्तूल जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवायचे, होल्स्टर कमरेला गरम होतं म्हणून. संध्याकाळी आले, जाकीट खुंटीला अडकवलं, देवघरात गेले. माझा सहा वर्षांचा मुलगा बाही धरून जाकीट ओढत होता, आत काहीतरी जड हलतंय म्हणून. मी स्वयंपाकघरातून बघितलं. त्यानंतर आठवडाभर मला झोप नव्हती.

त्यामुळं आत, बाहेर, चामडं, प्लॅस्टिक काहीही घ्या, पण शस्त्र जाकिटाला नको. जाकीट घरात आल्यावर पहिल्यांदा निघतं. आणि होल्स्टर असं हवं की पिस्तूल न काढता, होल्स्टरसकट, पट्ट्यावरून एका हातानं निघेल आणि तसंच कुलपात जाईल. सासऱ्यांना आम्ही घट्ट क्लिपचं घेऊन दिलं. पट्ट्याच्या फासात ओवलेलं असेल तर पट्टा सोडायचा कंटाळा येतो, आणि मग ते टेबलावर पडतं.

हुपरीची_वाट

वहिनी, हे मात्र मान्य. माझं फासाचंच आहे, आणि रात्री पट्टा सोडायचा कंटाळा मलाही येतो. पण क्लिप सैल असली की काढताना होल्स्टरसकट पिस्तूल हातात येतं, तेही बघा.

गुळाचा_अडत्या

सगळ्यांचं वाचून दोन दिवस प्रयोग केले. घरी, रिकामं पिस्तूल, मॅगझिन दुसऱ्या खोलीत. जाकीट घालून, गाडीवर बसून, ढेप उचलायला वाकून, जिन्यावर चढून.

हुपरीच्या दादांचं बिनबाह्यांचं जाकीट बसल्यावर चांगलं, पण वाकलं की पाठीमागं वर गेलं. आतलं होल्स्टर कमरेच्या उजव्या हाडाच्या जरा मागं लावलं, मूठ पुढं कललेली, तर वाकल्यावर शर्टाखाली फुगवटा जवळजवळ दिसला नाही. बरगडीत घुसतं हे खरं. पण त्याचं निम्मं कारण माझा पट्टा निघाला. फॅशनचा पातळ पट्टा वजनानं मुडपतो, मूठ बाहेर झुकते आणि नळी आत दाबते. मुलाचा जाड, दुहेरी शिवणीचा पट्टा बांधून बघितला तर अर्धा त्रास गेला. होल्स्टरआधी पट्टा घ्यायला हवा होता.

जाकिटाच्या दोन्ही नाड्या काल कापल्या. सुभाषनगरच्या काकांना विचारायचं आहे, पोलादी पट्टीचं, घट्ट क्लिपचं, आतलं होल्स्टर आणि दीड इंची दुहेरी पट्टा एकाच कातड्यातून होईल का?

सुभाषनगरचा_कारागीर

होईल. पट्टा आधी बांधून बघा, पँटच्या आत होल्स्टर आहे असं धरून माप घ्यायचं, नाहीतर भोकं कमी पडतात. पिस्तूल आणू नका, नमुनाच आणा. संक्रांतीच्या आधी देतो.

हुपरीची_वाट

मी बाहेरचंच ठेवणार. पण काका, मलाही क्लिप बसवून द्या.