मदत हवी आहे: जुन्या गिटारवरचा चिकटपट्टीचा गोंद, पॉलिशला धक्का न लागता कसा काढू?

नमस्कार. मामाने त्याची गिटार गेल्या आठवड्यात माझ्या लेकीला दिली. जानेवारीपासून तिचा कॉलेज रोडला क्लास सुरू होतोय, त्याआधी गिटार स्वच्छ करायची आहे आणि मी अडकले आहे.

गिटार १९९४ ची, कोलकात्याच्या बनावटीची. मामा नाशिकरोडला असतो. गणपती आणि नवरात्रात तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. गाण्यांचा क्रम डोळ्यांसमोर असावा म्हणून वरच्या कडेवर चिठ्ठी चिकटपट्टीने लावायचा. दर कार्यक्रमाला नवी चिठ्ठी, जुन्या पट्टीवर नवी पट्टी. पुढे वाजवणं सुटलं आणि गिटार माळ्यावर गेली. आता पट्टीचा प्लास्टिकचा भाग सुटून आलाय, पण खाली तपकिरी गोंदाचा जाड थर राहिलाय. बोट लावलं की बोट चिकटतं, धूळ बसून तो काळा पडलाय.

याशिवाय पाठीवर मंडळाचा मोठा गोल स्टिकर होता, तो अर्धा फाटून निघालाय. आणि मानेवर, तारांखाली, सुरांच्या जागा कळाव्यात म्हणून कागदी टिकल्या लावल्या होत्या, त्यांचाही गोंद आहे.

आतापर्यंत ओलं फडकं फिरवलं, काही झालं नाही. भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात घालून पुसलं, तर गोंदाच्या वळ्या झाल्या आणि त्या बाजूला पसरल्या. मग थांबले. हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर थिनरची बाटली पुढे केली. शेजारच्या वहिनी नेलपेंट रिमूव्हर म्हणतात. दोन्ही लावायचा धीर होत नाही. मामाने ही गिटार पगार साठवून घेतली होती, तिच्यावर माझ्या हातून डाग पडायला नको.

घरात खोबरेल तेल, नीलगिरी तेल, सॅनिटायझर आणि हेअर ड्रायर आहे. यातलं काय वापरू आणि काय अजिबात नको?

प्रतिसाद १

सॅनिटायझर नको, एवढं आधी सांगतो. २०२० मध्ये आमच्या घरच्या पेटीवर (हार्मोनियमवर) मी रोज सॅनिटायझर फिरवत होतो. वरच्या फळीचं पॉलिश आधी पांढुरकं पडलं, मग बोटाला चिकटायला लागलं. पेटी पुन्हा पॉलिश करून घ्यावी लागली.

प्रतिसाद २

ताई, माझं सातपूरला फर्निचर पॉलिशचं काम आहे. गोंद कशाने निघेल हा प्रश्न सोपा आहे. खालचं पॉलिश कशाने निघेल हे आधी कळायला हवं, कारण तेच टाळायचं आहे.

चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलच असतं, वरच्या पेटीचं तेच झालं असणार. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर थिनरने आणि ॲसिटोनने विरघळतं, म्हणजे नेलपेंट रिमूव्हरनेही. 'ॲसिटोन नाही' असं लिहिलेल्या रिमूव्हरमध्येही बहुतेक वेळा दुसरं तसंच द्रावण असतं, त्याच्यावर विसंबू नका. पीयू (पॉलियुरेथेन) आणि पॉलिएस्टरचं पॉलिश मात्र कडक असतं, आजच्या कारखान्यातल्या बहुतेक गिटारवर तेच असतं. तुमची १९९४ ची आहे, त्यामुळे गृहीत धरू नका.

तपासायचं असं. खाली जिथे पट्ट्याचं बटण असतं त्याच्या शेजारी, न दिसणाऱ्या जागी, कान साफ करायच्या काडीने स्पिरिटचा एक ठिपका लावा. दहा सेकंदांनी काडी टेकवून बघा. चिकटली तर चपडी. नाही चिकटली तर दुसऱ्या जागी ॲसिटोनचा तसाच ठिपका. चिकटली तर लॅकर. दोन्हीला काही झालं नाही तर निश्चिंत व्हा. पुढची बाजू, कड आणि पाठ तिन्ही वेगवेगळी तपासा. आणि मामांना विचारा, मधे कधी पॉलिश करून घेतलं होतं का.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न फार मोलाचा ठरला. मामाला फोन केला. एका पावसाळ्यात मांडवात पाणी शिरलं होतं, तेव्हा गिटारची पाठ भिजून पॉलिश उडालं. ओळखीच्या सुताराने पाठीला चपडी मारून दिली. पुढचा भाग आणि कडा कारखान्यातल्याच. मला तर फरक दिसलाच नव्हता.

तपासणी केली. पाठीवर स्पिरिटची काडी लगेच चिकटली. कडेवर स्पिरिटने काही झालं नाही, ॲसिटोनने चिकटली. म्हणजे एकाच गिटारवर चपडी आणि लॅकर दोन्ही. थिनर लावलं असतं तर चिठ्ठ्यांची कड गेली असती, सॅनिटायझर लावलं असतं तर पाठ.

प्रतिसाद २

मग दोन्हीकडे चालेल असा एकच रस्ता आहे: आधी खोबरेल, मग लायटरमध्ये भरायचं फ्लुइड.

पट्टीचा गोंद रबरी असतो, म्हणून पाण्याला दाद देत नाही. तेल त्यात मुरतं आणि त्याला सैल करतं. डिसेंबर आहे, खोबरेल थिजलेलं असेल. बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करा. कापसाचा बोळा तेलात बुडवून, पिळून, फक्त गोंदावर ठेवा. अर्धा तास हात लावू नका. घाई केली की माणूस खरवडतो आणि तिथेच चरा पडतो. मग गिटार वाजवायची प्लास्टिकची पट्टी जवळजवळ आडवी धरून गोंद लोटत आणा. सुरी, ब्लेड, तारेची घासणी नको. जाड थराला दोन-तीन वेळा बोळा ठेवावा लागेल.

उरलेला पातळ चिकटपणा आणि तेल काढायला लायटर फ्लुइड. ते नॅप्था असतं, म्हणजे पेट्रोलसारखं हलकं द्रावण. लॅकर किंवा चपडी त्यात विरघळत नाही, रबरी गोंद विरघळतो. फडक्यावर चार थेंब घ्या, गिटारवर ओतू नका. एका दिशेने पुसा, प्रत्येक वेळी फडक्याची स्वच्छ घडी घ्या. गोल गोल घासलं की गोंद पसरतो, तुमचं साबणाच्या वेळी तेच झालं. याची वाफ पटकन पेट घेते, म्हणून गॅलरीत बसा, घरात निरांजन किंवा गॅस चालू नको. फडकी उघड्यावर वाळवून मगच टाका.

नीलगिरीने गोंद निघतो, पण ते तेल जुनं लॅकर मऊ करू शकतं. तुमच्या गिटारवर नको. ड्रायरही नको. थंडीत गार पडलेल्या लॅकरला एकदम ऊब लागली की केसासारख्या चिरा जातात.

लाकडाला कुठे फट असेल तर तिथे तेल अजिबात नको. ते आत शिरतं आणि डाग कायमचा बसतो.

प्रतिसाद ३

मानेबद्दल लिहिते, मी वीस वर्षं गिटार वाजवते. बोटं टेकवतो ती पट्टी शिसवीसारख्या लाकडाची असेल तर तिच्यावर बहुधा पॉलिश नसतंच, लाकूड उघडं असतं. तिथे खोबरेलचा बोळा ठेवू नका. तारा सैल करून बाजूला करा आणि फक्त लायटर फ्लुइड लावलेल्या काडीने टिकलीचा गोंद उचला. लाकूड कोरडं दिसेल, ते नंतर तेलाच्या एका थेंबाने सावरतं. तारा तशाही जुन्या असतील, नव्या घाला.

आणखी एक. गोल स्टिकरखालची जागा फिकट निघाली तर तो मळ समजून घासत बसू नका. उजेडाने पॉलिश वर्षानुवर्षं पिवळं होत जातं, स्टिकरखालचं तेवढं राहतं. तो रंगातला फरक आहे, कशानेही पुसला जाणार नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

काल रविवारी दुपारभर गॅलरीत बसून काम केलं. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

कडेवरच्या गोंदाला तीन वेळा बोळा ठेवावा लागला. पहिल्यांदा काहीच हललं नाही, दुसऱ्यांदा कडा उचलल्या गेल्या, तिसऱ्यांदा अख्खा थर साय निघावी तसा एकत्र आला. खाली पॉलिश चकचकीत आहे, एक चरा नाही. पाठीवर लेकीने फडकं फिरवलं, मी शेजारी बसून घडी बदलून देत होते. स्टिकरखालचा गोल फिकट निघाला, ताई म्हणाल्या तसाच. टिकल्यांचा गोंद पाच मिनिटांत गेला.

पुलाजवळ, जिथे तारा अडकतात, तिथे लाकडाला बारीक फट दिसली. तिच्या कडेला नखाएवढा गोंद आहे, तो तसाच ठेवलाय.

गोंदाच्या थरात चिठ्ठीचा एक तुकडा अडकला होता. तेलाने पारदर्शक झालाय, पण मामाच्या अक्षरात 'मध्यंतर' एवढं वाचता येतं. संध्याकाळी मामा आला, तुकडा उजेडात धरून बघत बसला. मग वहीच्या पानात ठेवून घरी घेऊन गेला.

तारा नव्या घालायच्या आहेत. लेक बारा वर्षांची आहे, तिच्या बोटांना सोसतील अशा कोणत्या जाडीच्या घेऊ?

प्रतिसाद ३

स्टीलच्या तारांचा १० चा संच घ्या, पहिली तार ०.०१० इंचाची. मऊ पडतो, आणि पुलाजवळ फट आहे तर लाकडावर ताणही कमी येईल. घालण्याआधी ती फट एखाद्या वाद्य दुरुस्त करणाऱ्याला दाखवून घ्या.