मदत हवी आहे: आहाराच्या नोंदीत उपासाचा दिवस धरायचा की वगळायचा?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात आहारशास्त्रात एमएस्सी करतेय, पहिलं वर्ष. पुढच्या गुरुवारी सबमिशन आहे आणि अडकलेय.

एका मधुमेही व्यक्तीच्या तीन दिवसांच्या खाण्याची नोंद घ्यायची, त्यातली ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं काढायची आणि मग सुधारलेला आहार सुचवायचा, असं काम आहे. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या एका काकूंनी आनंदाने होकार दिला. वय ५८, वजन ६२ किलो, नऊ वर्षांपासून साखर. गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड (साखर कमी करणारं औषध) आहे.

तीन दिवसांतला सोमवार उपासाचा निघाला. सकाळी नुसता चहा, अकराला साबुदाण्याची खिचडी, दुपारी दोन केळी, चारला पुन्हा चहा आणि रात्री वरणभातावर उपास सोडला. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, हा नेहमीचा दिवस नाही, वगळ आणि दुसरा दिवस घे.

मला हे पटत नाहीये. काकू सोमवार करतात, दोन्ही एकादश्या करतात, संकष्टी करतात. कॅलेंडर काढून मोजलं तर महिन्याला साधारण सात दिवस होतात. जवळजवळ चौथा हिस्सा! त्यांची साखर नेमकी याच दिवसांत वरखाली होत असेल, तर मी पोळीभाजीच्या दिवसांवरून काय सल्ला देणार?

दुसरी अडचण मोजण्याची. खिचडी चौघांची, एकाच कढईत. काकू म्हणतात, "अगं, घेतली असेन वाटी-दीड वाटी." यावरून आकडे कसे काढायचे?

पथ्यपाणी:
मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. दिवस वगळू नकोस. मॅडमचा मुद्दा मात्र समजून घे: तिन्ही दिवसांची सरासरी काढलीस तर सोमवार त्यात विरघळून जाईल आणि कागदावर सगळं नीट दिसेल. म्हणून आणखी एक साधा दिवस घे, म्हणजे साधे तीन दिवस पूर्ण होतील. उपासाचा दिवस वेगळ्या तक्त्यात मांड आणि महिन्यातून तो किती वेळा येतो तेही लिही. असं मांडलेलं काम कोणी नाकारेल असं वाटत नाही.

कढईचं गणित सोपं आहे. पुढच्या उपासाला शिजवायच्या आधी जा. कोरडा साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा, तूप सगळं कच्चं असताना तोल. साबुदाणा भिजवायच्या आधी तोलायचा, भिजला की वजन दुपटीच्या आसपास जातं. मग तयार खिचडीचं एकूण वजन घे आणि काकूंच्या ताटलीतलं वेगळं घे. एकूण खिचडीचा जितका भाग त्यांनी खाल्ला, तितकाच भाग कच्च्या जिनसांचा धरायचा. तेलातुपाचं कोणी आठवून नीट सांगत नाही. घरात महिन्याला किती लिटर येतं आणि खाणारी तोंडं किती, ते विचार. चार लिटर तेल पाच माणसांत म्हणजे माणशी रोजचं सुमारे २४ ग्रॅम.

दोडका_भाजी:
वाटी प्रत्येक घरची वेगळी असते. त्यांचीच वाटी घेऊन पाण्याने भर आणि मोजपात्राने मोज. आणखी एक, यात मी स्वतः मार्क घालवलेत: हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटकांच्या तक्त्यात ऊर्जा दर १०० ग्रॅमला, किलोज्यूलमध्ये आहे. किलोकॅलरी हवी तर ४.१८४ ने भाग. ज्वारीसमोर १३०० च्या वरचा आकडा बघून घाबरू नकोस, ते ३३४ च्या आसपास येतं.

पथ्यपाणी:
महत्त्वाचं राहिलं. ग्लिमेपिराइड घेऊन बराच वेळ पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर असं कधी झालंय का ते विचार. गोळीबद्दल तू काहीही सुचवू नकोस, त्यांना डॉक्टरांकडे पाठव.

धागाकर्ती:
ताई, खूप खूप आभार. काल सोमवारच होता, काटा घेऊन गेले. साबुदाणा २५० ग्रॅम, कूट १००, बटाटा १५०, तूप ३०. तयार खिचडी ८१० ग्रॅम भरली, काकूंच्या ताटलीत २७०, म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा. एकाच खाण्यात सुमारे ५९० किलोकॅलरी आणि ८५ ग्रॅम कर्बोदकं. प्रथिनं जेमतेम नऊ ग्रॅम, तीही जवळजवळ सगळी दाण्यांची. वाटीने मोजली तर अडीच वाट्या झाल्या, काकूंनाही आश्चर्य वाटलं.

थरथर होते का विचारलं, तर म्हणाल्या, "संकष्टीला चंद्र उगवायच्या आधी होतेच की, उपासाने होणारच." नऊ वर्षांत हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलेलंच नव्हतं. शुक्रवारची वेळ घेतली आहे, मी सोबत जाणार आहे.

मॅडमनी वेगळा तक्ता चालेल म्हटलंय. उपास सोडा असं मी काकूंना सांगणार नाही, त्यांची श्रद्धा आहे. पुढच्या एकादशीला खिचडीऐवजी वरईचा भात, दाण्याची आमटी आणि ताक करून बघू म्हणाल्या. वरईतही कर्बोदकं आहेतच, त्यामुळे भात किती आणि आमटी किती ते ठरवायचंय. कोणी मधुमेहींसाठी असं ताट बसवलं असेल तर प्रमाण सांगाल का?