मयतीच्या सीनमध्ये तेलाचा डबा?

उदगीरकर:
आम्ही पोरं लातूरकडं एक छोटा पिक्चर काढायलोत, बजेट नावालाच. इथला एक तेलाचा व्यापारी कॅमेऱ्याचं भाडं अन् जेवणाचं बघतो म्हणला, पण अट अशी की मयतीच्या सीनला त्याचा १५ किलोचा डबा लेबल पुढं करून दिसला पाहिजे. आता मयतीत डबा ठेवू कुठं? नाही म्हणावं तर शूटिंगच थांबतंय.

परभणीवाला:
तेराव्याला ठेव की बाबा! आचारी बुंदी पाडायलाय, बाजूला डबा, कुणाला खटकणार बी नाही. १९८२ च्या 'ई.टी.'त पोरगं गोड गोळ्या टाकत टाकत एलियनला घरात आणतं, त्या हर्शी कंपनीच्या रीसेस पीसेस. आधी दुसऱ्या गोळ्यांच्या एम अँड एम्सवाल्यांना विचारलेलं, ते नाही म्हणले, मग हर्शीचा माल जोरात खपला.

गेवराईची:
किती सेकंद, लेबल किती मोठं, डायलॉगमध्ये नाव आहे का नाही, सगळं लेखी घ्या, नाहीतर हे लोक एडिटिंगला येऊन बसतात. अन् फुकटात बी कुणाचं नाव घेऊ नका. २०१० ला 'दबंग'च्या गाण्यात झंडू बाम आला तर झंडूवाल्या इमामी कंपनीनं आधी नोटीस धाडली, नंतर मलायकालाच जाहिरातीत घेतलं. तिचं जमलं, आपलं कोण जमवणार?

नांदेडी:
'मंथन' पिक्चर काढायला गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिलेले, १९७६ ला. गावात फिरून बघा की.

उदगीरकर:
गावात फिरलो, सगळ्यांना रोल पाहिजे 😂 तेराव्याचं विचारतो त्याला.