गिरगावातले आमचे उपाहारगृह नव्या मालकांकडे जात आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी काय करावे?

गिरगावकर यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या वाडीच्या तोंडाशी असलेले एक जुने मराठी उपाहारगृह दिवाळीनंतर नव्या मालकांच्या ताब्यात जाणार असल्याचे गल्ल्यावर बसणाऱ्या काकांनीच परवा सांगितले. सध्याचे मालक तिसऱ्या पिढीतले आहेत आणि पुढच्या पिढीतील कोणालाही या धंद्यात यायचे नाही. व्यवहाराची अजून बाहेर वाच्यता झालेली नसल्यामुळे मी नाव लिहीत नाही.

थालीपीठ, डाळिंबी उसळ, साबुदाणा वडा, पीयूष आणि उपासाच्या दिवशी वरीचे तांदूळ व दाण्याची आमटी, एवढ्यावर हे दुकान इतकी वर्षे उभे आहे. परंतु आम्हाला ते केवळ पदार्थांसाठी प्रिय नाही. आसपासच्या चाळींत एकटे राहणारे अनेक वृद्ध दुपारी तिथेच जेवतात, त्यांचे महिन्याचे खाते वहीत लिहिले जाते, आणि त्यांच्यापैकी कोणी दोन दिवस फिरकले नाही तर वाढपी घरी जाऊन चौकशी करून येतो. पुनर्विकासात वाड्या रिकाम्या होत गेल्या, भुयारी मेट्रोच्या कामाच्या काळात जगन्नाथ शंकरशेठ मार्गावरून चालणेही कठीण झाले, तरी दुकान बंद पडले नाही. आता मेट्रोचे गिरगाव स्थानक सुरू होऊन वर्दळ परतू लागली असतानाच ते जुन्या हातांतून जात आहे, याचे मनापासून वाईट वाटते.

नवे मालक नाव तेच ठेवणार आहेत असे कळते. अशा व्यवहारात नेमके काय काय नव्या माणसाकडे जाते? चव टिकणे कशावर अवलंबून असते? आणि आम्ही नव्या मालकांशी आत्ताच बोलावे, की त्यांना काही महिने द्यावेत? या धंद्याची माहिती असलेल्यांनी कृपया लिहावे.

दिवाणी वकील यांचा प्रतिसाद

उपाहारगृह विकले आहे की चालवायला दिले आहे, हे काकांना सर्वांत आधी विचारा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, पण पुढचे बरेचसे त्यावर ठरते.

गिरगावातील बहुतेक जुने गाळे पगडीचे आहेत, म्हणजे उपाहारगृहाचा मालक हा जागेचा मालक नसून भाडेकरू असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 56 नुसार भाडेहक्क दुसऱ्याला देताना भाडेकरूने मोबदला घेणे, तसेच त्याला संमती देण्यासाठी घरमालकाने रक्कम घेणे, या दोन्ही गोष्टी कायदेशीर ठरल्या. मात्र घरमालकाची संमती नसताना जागा दुसऱ्याच्या ताब्यात दिली, तर त्या कारणावरून ती खाली करून मागता येते. ही संमती महाग पडते, म्हणून अनेक जण विक्री टाळून ‘कंडक्टिंग’चा करार करतात. त्यात भाडेहक्क, परवाने आणि नाव जुन्या मालकाकडेच राहते, आणि नवा माणूस अनामत व दरमहा ठरलेली रक्कम देऊन चालू धंदा चालवतो. भाडे कायद्यातील ‘लायसन्सी’च्या, म्हणजे परवानगीने जागा वापरणाऱ्याच्या, व्याख्येतून दुसऱ्याचा चालू धंदा चालवणाऱ्या माणसाला वगळलेले आहे, त्याचा या पद्धतीला मोठा आधार मिळाला.

अन्न सुरक्षा परवाना मात्र विकत घेता येत नाही. मालक बदलला की नव्या मालकाला स्वतःच्या नावाने परवाना काढावा लागतो. या परवान्याचा 14 अंकी क्रमांक बिलावर छापणे 2022 च्या प्रारंभापासून बंधनकारक आहे. दिवाळीनंतर काही आठवड्यांनी बिल पाहावे. क्रमांक बदललेला असेल तर मालकी खरोखर बदलली, आणि तोच राहिला असेल तर बहुधा दुकान चालवायला दिले आहे, असे समजावे.

जुन्या मालकांनी जवळपास पुन्हा दुकान काढावे अशी अनेक गिऱ्हाइकांची भाबडी अपेक्षा असते. भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 27 व्यवसायबंदीचे करार एरवी अमान्य करते, पण धंद्याचा नावलौकिक विकणाऱ्याने ठरावीक परिसरात तोच धंदा करणार नाही असे लिहून दिले, आणि ती मर्यादा वाजवी असली, तर ते बंधन टिकते. विकत घेणारा बहुतेक वेळा हे लिहून घेतोच.

भटारखाना यांचा प्रतिसाद

मी दादरला घरच्या उपाहारगृहात अनेक वर्षे काम केले आणि ते आम्ही पुढे दुसऱ्या कुटुंबाला दिले, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो.

पाटी तीच राहिली म्हणजे चव तीच राहील, असे नसते. थालीपीठाचेच पाहा. भाजणीतले प्रत्येक धान्य वेगळे भाजावे लागते, कारण बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद आणि धणे यांना लागणारी आच व वेळ वेगवेगळी असते. जुन्या मराठी उपाहारगृहांना ही भाजणी बहुधा ओळखीच्या घरांतून येते, आणि ती करणाऱ्या बाईंशी असलेला व्यवहार कोणत्याही करारनाम्यात लिहिलेला नसतो. नव्या मालकाला तो घरपत्ता कोणी सांगितलाच नाही, तर तो बाजारातून तयार भाजणी आणतो, आणि गिऱ्हाईक म्हणते की नव्या मालकाने चव घालवली. त्याने काही घालवलेले नसते, त्याच्यापर्यंत ते पोहोचलेलेच नसते. पीयूषासाठी चक्का घरी बांधायचा की डेअरीतून आणायचा, ताक किती आंबट घ्यायचे, जायफळ कधी किसायचे, हेही असेच तोंडी चालत आलेले असते.

त्यानंतर आचारी. तो टिकला तर अर्धी चव टिकते, पण त्याला पूर्वीसारखे काम करू दिले पाहिजे. थालीपीठ मंद आचेवर झाकण ठेवून होते. ज्याने मोठी रक्कम गुंतवली आहे त्याला एकच तवा इतका वेळ अडवून ठेवणारा पदार्थ परवडत नाही असे वाटू लागते. मग मेनूकार्डावर पावभाजी आणि नूडल्स येतात, त्याच लहानशा भटारखान्यात त्याच आचाऱ्याकडून ते करून घेतले जातात, आणि थालीपीठाची आच वाढते. माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी ऱ्हास असाच सुरू झाला, माल हलका आणल्यामुळे नव्हे.

तळणीच्या तेलाचेही लिहितो. वापरलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या घटकांचे) प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरू नये, असा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. साबुदाणा वड्याला तेल फार लागते आणि वडा फुटला तर सगळी कढई खराब होते. जुना मालक दुपारीच कढई बदलतो. धंद्यात नवा असलेला माणूस संध्याकाळपर्यंत ओढतो.

वकीलसाहेबांनी सांगितलेला फरक इथे कामाचा आहे. चालवायला घेणाऱ्याची मुदत आखूड असते. दोन वर्षांनी आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो भाजणीवाल्या बाईंशी नाते कशासाठी जोडेल? विकत घेणाऱ्याला मात्र दूरचा विचार करणे भाग असते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की जुन्या मालकांनी निरोप घेऊन एका दिवसात निघून जाऊ नये. त्यांनी वर्षाचे एक पूर्ण चक्र नव्या मालकांसोबत गल्ल्यावर बसावे, आणि ते जमत नसेल तर निदान महाशिवरात्र, आषाढी एकादशी आणि श्रावणी सोमवार यांच्या आदल्या संध्याकाळी तरी यावे. आषाढीला किती साबुदाणा भिजत घालायचा हा अंदाज कागदावर लिहून देता येत नाही, कारण तो पाऊस, वार आणि शाळांची सुट्टी पाहून बदलतो. कमी पडला तर गिऱ्हाईक उपाशी परत जाते, उरला तर सगळा वाया जातो, आणि असे एकदोनदा झाले की नवा माणूस उपासाचे पदार्थच बंद करून टाकतो.

ग्रँट रोडकर यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसाद उत्तमच आहेत, पण गिऱ्हाइकांच्या वागण्याविषयीही थोडे लिहिले पाहिजे. आमच्याकडे ग्रँट रोड स्थानकासमोरचे, 1914 साली सुरू झालेले बी. मेरवान बंद होणार अशी बातमी 2014 मध्ये आली, तेव्हा मावा केकसाठी अशी गर्दी उसळली की सकाळीच माल संपू लागला. नंतर ते पुन्हा उघडले आणि गर्दी ओसरली. जहांगीर कलादालनातील 1964 सालचे समोवार 2015 मध्ये बंद झाले, तेव्हाही शेवटच्या दिवसांत लोक रांगा लावून आले. ही माया खरी असते, याविषयी मला शंका नाही, परंतु ती मंगळवारच्या रिकाम्या दुपारी दिसली असती तर अशा ठिकाणांना अधिक उपयोगी पडली असती.

पिढी बदलली तरी ठिकाण टिकल्याची उदाहरणेही आहेत. बॅलार्ड इस्टेटमधील 1923 च्या ब्रिटानियात बोमन कोहिनूर स्वतः टेबलाटेबलापाशी जाऊन पाहुण्यांशी बोलत. सप्टेंबर 2019 मध्ये त्यांचे निधन झाले, पण घरच्या माणसांनी बेरी पुलाव आणि ती जागा चालू ठेवली. तिथे वारसा घरातच राहिला, हे मान्य. तुमच्याकडे बाहेरचे कुटुंब येत आहे, म्हणून त्यांना अधिक आधाराची गरज आहे. पहिल्याच महिन्यात “पूर्वीची सर नाही” असे म्हणणाऱ्यांची संख्या मोठी असते. कृपया त्यांत सामील होऊ नका.

श्रमिक यांचा प्रतिसाद

संपूर्ण चर्चेत वाढपी आणि आचारी यांचा उल्लेख चवीपुरताच आला, म्हणून लिहीत आहे. गिरगावातील अशा दुकानांतले कामगार बहुधा कोकणातून आलेले असतात आणि त्यांतील काही रात्री दुकानातच झोपतात. मालक बदलला की त्यांची नोकरी आणि निवारा दोन्ही एकाच वेळी धोक्यात येतात.

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाच वर्षे सलग सेवा केलेल्याला प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या वेतनाइतके उपदान (ग्रॅच्युइटी) मिळाले पाहिजे, हा 1972 च्या कायद्यापासूनचा नियम आहे. धंदा दुसऱ्याकडे गेला तर नव्या मालकाने जुनी सेवा धरून आणि पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर कामगारांना ठेवावे, अन्यथा त्यांना भरपाई मिळावी, हे तत्त्व औद्योगिक विवाद अधिनियमात होते आणि नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. व्यवहार पूर्ण होण्याआधीच आचारी व वाढपी यांची सेवा किती वर्षांची धरली जाणार, हे लेखी ठरले आहे का, एवढे तुम्ही काकांना अवश्य विचारा. नेहमीचे गिऱ्हाईक विचारते तेव्हा मालक ते मनावर घेतात.

गिरगावकर

सर्वांचे मनापासून आभार. काकांशी निवांत बोललो. दुकान विकलेच आहे आणि घरमालकाची संमतीही घेतलेली आहे. आचारी राहणार आहेत. वाढप्यांपैकी दोघे मात्र गावी परत जात आहेत आणि त्यांचा हिशेब जुने मालकच पूर्ण करणार आहेत. भाजणीचा विषय काढला तेव्हा काका क्षणभर थांबले आणि म्हणाले की ते सांगायचे खरेच राहून गेले होते. पुढच्या आठवड्यात ते नव्या मालकीणबाईंना घेऊन भाजणी करणाऱ्या आजींकडे जाणार आहेत. आषाढीच्या आदल्या संध्याकाळी येण्याचेही त्यांनी कबूल केले.

एक प्रश्न उरतो. खात्याच्या वहीचे काय करावे? नव्या मालकीणबाई या वृद्धांना ओळखत नाहीत, आणि अनोळखी माणसांची उधारी त्यांनी चालवावी असे म्हणणे मला योग्य वाटत नाही.

भटारखाना

आपले म्हणणे बरोबर आहे. जुनी वही जुन्या मालकांनीच दिवाळीपूर्वी मिटवावी. येणे असेल ते त्यांनी वसूल करावे किंवा सोडून द्यावे, पण नव्या माणसाच्या माथी मारू नये. त्यानंतर उधारीऐवजी महिन्याची आगाऊ कूपने सुरू करावीत. पहिल्या तारखेला हाती पैसे आले की नव्या मालकीणबाईंना किराणा व गॅसची सोय होते आणि रोज किती ताटे लागणार हे आधी कळते, शिवाय वृद्धांना रोज सुटे पैसे मोजावे लागत नाहीत. ज्यांना एकदम पूर्ण रक्कम देणे जड जाईल त्यांच्यासाठी आठवड्याची कूपने ठेवावीत.

कूपनावर नाव आणि खोली क्रमांक लिहायला सांगा. ज्याचे कूपन दोन दिवस फाडले गेले नाही त्याच्याकडे कोणी जायचे, हेही आत्ताच ठरवा, कारण पूर्वी जाणारे वाढपी गावी परतणाऱ्या दोघांपैकीच असतील तर ते काम नव्या मुलाला सोपवून, त्याला एकदा सगळ्या खोल्या दाखवून आणाव्या लागतील. हे दुकानाचे काम आहे असे न मानता पहिले काही दिवस तुमच्या वाडीतल्याच कोणीतरी त्याच्याबरोबर जावे.